घाटाईचा थांबा

माझा नातू दरवर्षी सुट्टी काढून हिमाचलाकडे जातो आणि तिथल्या बर्फाच्या डोंगरांत जीप चालवतो. हौस म्हणून. परवा त्याने मोबाइलवर मला ते दाखवलं. नवीकोरी लाल गाडी, दगडगोट्यांचा चढ, आणि मागून मित्रांची आरडाओरड, "चढव, चढव, सोडू नको!" मग मला समजावायला लागला की आजी, ह्याला फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, आणि हे बटण फिरवलं की गाडी हळू पण जोरात चढते. मी म्हटलं, "बटण? आमच्या वेळेला दांडा होता बाबा." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी बैलगाडीचं काहीतरी बोलतेय. आठवणी लिहायला घेतल्यात, त्यांत हे प्रकरण मी गाळणारच होते, खरं सांगायचं तर. पण त्या दिवसापासून तो दांडा काही डोळ्यांपुढून हलेना, तेव्हा म्हटलं, चला, लिहून टाकू आणि मोकळं होऊ.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याला. वर पठारावर वस्त्या, खाली आम्ही, आणि मधे घाटाची वाट. वाट म्हणायची म्हणून म्हणायची. ओढा ओलांडला की लाल मुरूम, मग काळ्या खडकाच्या पायऱ्या, मग एक आडवं घसरडं, जिथे दगड पायाखालून पळतात, आणि शेवटी एक वळण, एका अंगाला उभा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी. बैलगाडी तिथून वर जात नसे. माणसं जात, शेळ्या जात, गाढवं जात, आणि दूध संघाची जीप जाई. ती जीप आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चालवत. लष्करातून काढून टाकलेली गाडी संघाने लिलावात घेतलेली. तिला दारं नव्हती, कापडी टप फाटका होता, बॅटरी बहुतेक मेलेलीच असे आणि ब्रेक दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय लागत नसे. पण चारही चाकांनी ओढणारी गाडी सगळ्या पंचक्रोशीत तेवढी एकच, आणि ती त्या घाटातून चढवणारा माणूसही एकच. "संघाचा चेअरमन बदलंल, डायवर न्हाई बदलायचा," असं लोक म्हणत. अण्णा ऐकलंच नाही असं दाखवत आणि मिशीत हसत.

आमच्या घराची सकाळ हॅण्डलच्या आवाजाने व्हायची. अण्णा गाडीच्या नाकात हॅण्डल घालून फिरवत, गाडी खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची, आणि एकदा का धडधडायला लागली की घरातली भांडी फळीवर किणकिणत. तेवढ्या धडधडीत माय चुलीपुढे भाकरी थापत असे आणि अण्णांना काही सांगायचं असलं तर ओरडून सांगे, म्हणून आमच्या घरातले सगळेच थोडे मोठ्याने बोलतात. माझा भाऊ दिनकर बॉनेटवर बसून चहा प्यायचा. बॉनेट गरम व्हायला लागलं की उठायचा, तोवर नाही. मला म्हणायचा, "शांते, तुला नवरा बघायचा तर डायवरच बघू, म्हंजी तुझं बोलणं त्याला ऐकूच जायाचं न्हाई." मी उलटं बोलले की म्हणे, "बघा, हार्न वाजला."

त्या साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या सालीही काही खरं नव्हतं. वस्त्यांवरचं दूध आधी कमी झालं, मग थांबलं, मग संघाचे ते अल्युमिनियमचे कॅन रिकामे पडून राहिले. तेव्हा चेअरमन म्हणाले, दूध वरून खाली येत नसलं तर पाणी खालून वर जाऊ द्या. म्हणून त्याच कॅनमधून आणि मागे जोडलेल्या ट्रॉलीतल्या पिंपांतून वस्तीला पाणी जाऊ लागलं. कितीही घासा, पाण्याला दुधाचा आंबूस वास यायचाच. घरात रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, होती. तिची भाकरी थापता थापता फुटे, आणि माय तिला शिव्या देत तुकडे जोडी. दुष्काळी कामावरून कुणी गोड पिठाची सुकडी आणून दिली तर त्या दिवशी सण. गावाखालचा तलाव तळापर्यंत आटला होता, भेगाळलेल्या मातीचं मोठं मैदान झालं होतं, आणि त्या मैदानात भावाने मला जीप शिकवली. आपटायला काहीच नव्हतं ना तिथे. तो शेजारी बसून चिलटं मारत बसायचा आणि म्हणायचा, "घे कुटं घ्यायची ती. पाणी आलं तरच बुडशील." अण्णांना हे ठाऊक होतं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आता त्या दांड्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे होते. एक ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळे. तो चालत्या गाडीतही पडायचा, त्याचं काही नाही. दुसरा ओढला की गाडी अगदी हळू, पण चिवटपणे चढू लागे. हा दुसरा मोठा हट्टी. गाडी उभी केल्याशिवाय पडायचा नाही, आणि उभी केली तरी पुष्कळदा अर्ध्यावर येऊन अडायचा. तो मधे अडला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटे. मग तुम्ही पहिला गिअर टाका नाहीतर काही टाका, चाकांना त्याचा पत्ता नाही. "दांडा मधी ऱ्हायला की गाडी कुणाचीच नसती," असं अण्णा सांगत.

म्हणून हे काम ते सपाटीवर करत. ओढा ओलांडल्यावर, चढ लागायच्या आधी, एक सपाट जागा होती आणि तिथे घाटाई होती. शेंदूर फासलेला, मांडीवर मावेल एवढा दगड. माणूस असो की गाडी, तिथे थांबल्याशिवाय कुणी वर जात नसे. अण्णा गाडी उभी करत, दांडा ओढत. बसला तर बसला, नाहीतर तसाच मधे सोडून उतरत, घाटाईवर ओंजळभर पाणी घालत आणि परत येऊन पुन्हा ओढत. मग तो खट्‌कन बसे. "आईनं पाणी घेतलं," म्हणत. तेवढ्या वेळात आतली दातेरी चाकं फिरायची थांबत असतील, असं मला आता वाटतं. ह्यात देवीचं किती आणि यंत्राचं किती हे अण्णांनी कधी वेगळं केलं नाही. भावाला आणि मला त्यांनी एकाच वाक्यात शिकवलं होतं: "देवीम्होरं थांबायचं, दांडा वढायचा, मगच चढाला लागायचं." भाऊ हे वाक्य अण्णांच्या आवाजात म्हणून दाखवायचा, मान हलवून, आणि माय हसून लाटणं उगारायची.

उन्हाळ्यात घाटाचा रस्ता रुंद करायचं दुष्काळी काम निघालं. निम्मं गाव तिथे खडी फोडायला. खडीचा ढीग त्या सपाटीवरच पडणार होता आणि जवळ सुरुंग उडणार होते, म्हणून देवीला इजा नको असं ठरवून कामावरच्या बायांनी तिला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली आणि वाजतगाजत वर वळणावर नेऊन बसवलं. तिथे कपारीत सावली होती. श्रद्धेने नेलं बिचाऱ्यांनी. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. अण्णा तेव्हा हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. देवी हलवल्याचं त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं आणि "बरं" म्हणून कूस बदलली.

अण्णा तापातच होते म्हणून भाऊ एकटा गेला. बरोबर जाणारा गडीही त्या दिवशी खडीवर होता. दुपारी गयाबाई धावत आमच्या दारात आली. ती सपाटीवर खडी फोडणाऱ्या बायांतली थोरली, देवी डोक्यावर घेऊन वर गेली होती तीच. तिला धाप लागली होती, आणि तिने आधी काय सांगितलं असेल तर हे: "थांबला न्हाई गं माय तुझा पोरगा. सपाटीवरनं सुसाट वर गेला, म्या डोळ्यानं पायलं." जीप वळणाच्या खाली मागे येऊन डोंगराला टेकली होती, ट्रॉली आडवी झाली होती, आणि भाऊ जीप आणि डोंगर ह्यांच्या मधे होता. एवढंच लिहिते. त्याला आणलं तेव्हा त्याच्या सदऱ्याला मुरूम लागला होता आणि माय तो झटकत बसली, झटकतच बसली.

लोक येत, बसत, तेच ते बोलत. ज्यांनी बैलं जुंपून जीप खाली आणली ते सांगत, "नवलच हाय, पयल्या गेरात व्हती, तरी आपसूक आली. वढावीच लागली न्हाई." हे वाक्य आमच्या ओट्यावर कितीतरी वेळा बोललं गेलं आणि आमच्यापैकी कुणाच्याच कानात शिरलं नाही. कानात शिरलं ते गयाबाईचं. दिनकर देवीला न थांबता गेला. आधीच तिला जागेवरून हलवलेली, त्यात हा तरणा मस्तवाल, थांबला नाही, तिने घेतला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अहो, त्या साली कावळे होते कुठे? झाडावर पान नाही, गावात उष्टं नाही, कावळे काय खायला थांबतील? पण तेव्हा असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ऊन चढलं, माणसं एकेक निघून गेली, शेवटी दर्भाचा कावळा करून तो शिववला. परतताना कुणीतरी मागून म्हणालं, "देवीची माफी मागा, त्याबगर त्याचा जीव सुटायचा न्हाई." माय पुढे चालत होती. तिने ते ऐकलं, मी तिची पाठ बघितली.

मला रडू आलं नाही. लोकांना हे विचित्र वाटेल, पण आमच्या घरात कुणालाच आलं नाही. मायला नाही, अण्णांना नाही. सकाळी हॅण्डलचा आवाज नव्हता, भांडी किणकिणत नव्हती, आणि इतकी वर्षं मोठ्याने बोलायची सवय लागलेली आम्ही तीन माणसं एकदम हळू बोलू लागलो. मी भाकरी खायची, ती खाल्ली असं नंतर रिकाम्या ताटावरून कळायचं. माय भावाचा कप रोज घासून पालथा घालायची, चहा त्यात कुणी प्यायलं नव्हतं तरी. अण्णांचा ताप उतरला, पण ते ओट्यावर भिंतीला टेकून बसत आणि डोंगराकडे पाठ करून बसत. तीनदा बोलावल्यावर एकदा "हां" म्हणत. आपण शिकवलेलं पोराने ऐकलं नाही, हे त्यांना आत कुठेतरी खुपत असणार. माय तर देवीचीच भीती धरून बसलेली. मेलेल्या पोरासाठी रडावं तर देवीविरुद्ध रडल्यासारखं होईल, म्हणून ती रडत नव्हती. हे मला पुढे तिनेच सांगितलं, म्हातारपणी, शेंगा फोडता फोडता.

मग एका सकाळी चेअरमन आले. जाडजूड, धोतराचा सोगा हातात धरून चालणारे गृहस्थ; वाईट नव्हते. ओट्याच्या कडेला बसले.

"अण्णा, गाडी ठोकून ठाकून चालू केलीय. ट्रॉली गेली कामातून, पण कॅन जातेल. वर वस्तीला पाणी न्हाई. बीडवरनं दुसरा डायवर आणला, तर त्यो इथलं ऐकून म्हणतो, देवी कोपलेल्या वाटंला म्या न्हाई जायाचा. म्हणलं, मंग कशाला आला रं? तर आल्या पावली निघून गेला."

अण्णा म्हणाले, "मला न्हाई जमायचं."

"वस्ती उठंल, अण्णा. तिथला किसनतात्या म्हणतोय, दावी सोडतो अन् जनावरं मोकळी करतो."

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "म्या नेते गाडी." ह्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, हे नीट लिहून ठेवते. घरात बसवत नव्हतं आणि भीती वाटायची शक्तीच उरली नव्हती. चेअरमन हसावं की रागवावं ह्या पेचात पडले. "पोरीबाळीचं काम हाय का हे? उद्या लोक मलाच..."

"जाऊ द्या तिला." हे आतून आलं. माय. दहाव्यापासून तिचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नव्हता. ती बाहेर आली, हातात पाण्याचा लहान गडू होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "देवीला थांब. हे पाणी घाल. म्हणावं, लेकराचं चुकलं, पदरात घे."

मी गाडीत बसले, गडू मांडीत धरला. चेअरमननी हॅण्डल मारलं. गाडी धडधडली आणि आत फळीवर भांडी किणकिणली. तेव्हा अण्णा उठले, वहाणा घातल्या आणि येऊन शेजारच्या जागेवर बसले.

ओढा कोरडा, त्यातले गोटे पांढरे पडलेले. चाकं एकेका गोट्यावर चढून उतरत होती आणि मागे कॅन एकमेकांना धडकत होते. सपाटीवर खडीचा मोठा ढीग होता. बाया हातोड्या खाली ठेवून उभ्या राहिल्या, गयाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. देवीची जुनी जागा खडीखाली गेली होती. तिथे थांबायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी थांबले नाही. चढ घ्यायचा म्हणून उलट पाय दाबला. मागून एक बाई ओरडली, "हीबी तशीच गेली गं!" अण्णांच्या हाताची मूठ गुडघ्यावर आवळलेली दिसली मला. ते समोर बघत होते.

पुढच्या चाकांचा दांडा मी चालत्या गाडीतच ओढला. मुरुमात पावसाळ्यांनी पाडलेल्या खोल चऱ्या होत्या. त्यांत चाक घालायचं नाही, दोन्ही चाकं काठांवर धरून चालायचं, हे भावाने मला तलावात बोटाने मातीत रेघा काढून शिकवलं होतं. खडकाच्या पायऱ्यांवर गाडी आधी नाक वर करायची, मग मागचा भाग धप्पकन आपटायचा, आणि स्टिअरिंग हातातून हिसकून जायला बघायचं. अंगठा आत घालून धरायचं नाही, मोडतो. घसरड्यावर गाडी तिरकी होऊन दरीच्या बाजूला सरकली, मी घाबरले, आणि मला बरं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं. इंजिन कण्हत होतं. दुसरा दांडा न ओढता ते इतका चढ कसाबसा ओढत होतं, अजून थोडा खडा चढ आला असता तर बंदच पडलं असतं.

वळण आलं. कपारीत घाटाई बसलेली, शेंदूर ताजा, पुढे सुकलेली फुलं. मी थांबले. तीनदा ब्रेक दाबला, चौथ्यांदा गाडी उभी राहिली. ह्यात विचार असा केलाच नाही. देवीपुढे थांबायचं म्हणून थांबले, आणि थांबले की दांडा ओढायचा म्हणून हात आपोआप दांड्याकडे गेला. ओढला. तो अर्ध्यावर आला आणि अडला.

पायाखालचा ब्रेक हळूहळू आत जाऊ लागला. गाडी मागे सरकली, आधी इतकी सावकाश की वाटलं डोंगरच पुढे चाललाय. मी गिअर पहिल्यात टाकला, क्लच सोडला. काही नाही. इंजिन फिरतंय, गिअर पडलाय, आणि गाडी आपली मागे निघालीय, जशी कुणाचीच नाही. मी पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. गडू मांडीतून पडला.

"डोंगराकडं! डोंगराकडं मोड, शांते!"

अण्णांनी स्वतःच स्टिअरिंगला हात घालून ओढलं. गाडीची शेपूट वळली आणि डोंगराच्या कापलेल्या भिंतीवर आदळली. मागचे कॅन कलंडले, झाकणं उडाली, पाणी वाटेवर वाहू लागलं आणि मुरुमाने ते बघता बघता पिऊन टाकलं. इंजिन चालूच होतं. ट्रॉली नव्हती म्हणून वाचलो. ट्रॉली असती तर तिने आडवं होऊन आम्हाला काय केलं असतं, ते समोरच होतं. भिंतीवर आमच्या गाडीशेजारी, हातभर अंतरावर, जुना ओरखडा होता, आणि त्याच्या खाली कुणीतरी वाहिलेली हळद होती.

अण्णा त्या ओरखड्याकडे बघत नव्हते. ते दांड्याकडे बघत होते. मधे अडलेल्या दांड्यावर त्यांनी बोट ठेवलं, जसं झोपलेल्या मुलाला उठवू नये तसं हळूच. मग वर देवीकडे बघितलं. मग म्हणाले, "थांबला व्हता."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबला व्हता त्यो. हितं थांबला. देवीम्होरं."

पहिल्या गिअरात होती, तरी आपसूक आली. ओट्यावरचं ते वाक्य तेव्हा माझ्या कानात शिरलं. भाऊ सपाटीवर थांबला नाही, कारण देवी तिथे नव्हती. तो वर थांबला, जिथे देवी होती. थांबून त्याने दांडा ओढला, शिकवल्यासारखा. मग गिअर टाकला असेल, ब्रेक दाबला असेल, पुन्हा दाबला असेल. त्याच्या शेजारी ओरडायला कुणी नव्हतं.

अण्णा उतरले. चाकांमागे दगड लावले, येऊन दांडा ओढला, तो खट्‌कन बसला. मी सवयीने म्हटलं, "देवीला पाणी घालायचं ऱ्हायलं." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मायचा गडू त्यांनी उचलला, पुसला आणि पायाशी ठेवला.

आम्ही वर गेलो. कुणाला वाटेल परत फिरलो असू, पण निम्म्या कॅनांत पाणी होतं आणि वस्तीने गाडीचा आवाज ऐकला होता. माणसं पठाराच्या कडेला येऊन उभी होती. बायकांनी हंडे भरून घेतले. किसनतात्याने, वस्तीवरच्या त्या जुन्या दूधवाल्याने, आम्हाला गुळाचा कोरा चहा दिला आणि त्याचीच त्याला लाज वाटली. म्हणाला, "दुधाच्या गावात तुमाला काळा च्या पाजतोय, अण्णा. काय दिवस आले." मग म्हणाला, "दिनकर लई हसवायचा." अण्णांनी मान हलवली आणि चहा सगळा प्यायले. मीही प्यायले. गोड होता एवढं आठवतं.

परतताना वळणावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, नाक डोंगराला टेकवून. खाली उतरून घाटाईला दोन्ही हातांनी उचललं आणि येऊन मांडीवर घेऊन बसले. नैवेद्य नाही, नारळ नाही. तशी ती घाट उतरली, जुन्या ड्रायव्हरच्या मांडीवर बसून, आणि तिचा शेंदूर त्यांच्या धोतराला लागला. सपाटीवर त्यांनी पायाने खडी बाजूला सारायला सुरुवात केली तेव्हा बाया धावत आल्या.

"अण्णा, काय इपरीत करता?" गयाबाई ओरडली. "देवी अशी उचलत्यात का? आधीच एक गेला, आता पोरीला बी..."

"देवी सपाटीलाच पायजे, गयाबाई. चढावर तिच्याम्होरं थांबलं की गाडी ऱ्हात न्हाई." अण्णांनी दगड खाली टेकवला. "माझा पोरगा थांबला व्हता. हितं देवी नव्हती म्हणून तुला थांबलेला दिसला न्हाई. वर थांबला. म्हणून गेला."

गयाबाई उभी राहिली. तिने आधी वर वळणाकडे बघितलं, मग खाली दगडाकडे. देवी तिच्या डोक्यावरून वर गेली होती. ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी खडी बाजूला सारू लागली. मग बाकीच्या बायाही बसल्या. खडीचा आवाज तेवढा होत राहिला. घाटाई अजून तिथेच आहे. आता वर डांबरी सडक आहे, गाड्या घाट कुठे लागला हे न कळताच चढून जातात, तरी जुनी माणसं तिथे हॉर्न वाजवतात.

त्या उन्हाळ्यात मीच गाडी नेली. अण्णा रोज शेजारी बसत. त्यांनी पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही, ना त्या गाडीचं ना दुसऱ्या कुठल्या. पोरीने जीप चालवली म्हणून मला मागून काय काय नावं पडली ती आता सांगत बसत नाही. नातवाला सांगितली तर तो अभिमानाने मित्रांना सांगेल, आणि तसं अभिमानाचं त्यात काही नव्हतं.

पण त्या दिवशीचं संपवते. घरी आलो तेव्हा ऊन कलतं होतं. अण्णा अंगणात कॅन उतरवून घेऊ लागले. मी आत गेले. माय चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती. मी रिकामा गडू तिच्यापुढे ठेवला. तिने विचारलं, "घातलं का पाणी? मागितली माफी?"

मी म्हटलं, "माय, माफी मागायची न्हाई. भाऊ थांबला व्हता. देवीम्होरंच थांबला व्हता. अण्णांनी शिकवलं तसं समदं केलं त्यानं."

तिला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने गडू छातीशी धरला आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. फळीवरची भांडी किणकिणली असं मला वाटलं, खरंच वाटलं. शेजारच्या बाया धावत आल्या, दारात गर्दी झाली, आणि माय त्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगत होती, छाती बडवून घेत, रडत, "थांबला व्हता माझा वाघ! देवीला थांबला व्हता! बापाचं ऐकलं माझ्या लेकरानं, बायांनो! बापाचं ऐकलं!" मीही रडले, तिच्या गळ्यात पडून, पोटभर.

माय काय ओरडत होती ते बाहेर अण्णांना ऐकू जात होतं, आणि ते कॅन राखेने घासत होते. एक घासून झाला, तो त्यांनी पालथा घातला, मग तोच सुलटा करून पुन्हा घासायला घेतला.